आधी रेघ, मग निशाणा

अध्यक्ष महाराज आणि नेमबाज मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'चष्मेवाल्यांचा स्कोप'. स्कोप म्हणजे रायफलीवरची, नेम धरायची दुर्बीण. मला पाऊण तास दिलाय आणि नंतर पोहे आहेत. माझी स्पर्धा कुणाशी आहे ते मला ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला हा माणूस, याला बंदुकीतलं काय कळतंय? कबूल. पण दुर्बिणीला डोळा लावण्यात माझी 33 वर्षं गेली. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा. धरणाचं उद्घाटन 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते झालं, तेव्हा मी शाळेत होतो. नोकरीला लागलो तेव्हा मानपान संपला होता, उरल्या होत्या चाऱ्या, म्हणजे कालव्यातून शेताकडे जाणारे छोटे पाट. परभणीकडच्या काळ्या रानात डम्पी लेव्हल, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण, घेऊन हिंडायचं. त्या जुन्या लेव्हलमधून खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, उलटा दिसायचा. डोकं खाली, पाय वर, हातात स्टाफ, म्हणजे मापाच्या खुणांची उभी पट्टी. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, नोकरीच उलटी लागली.

तर आमचे एक साहेब होते. नाव सांगत नाही, नातवंडं याच शहरात आहेत. साहेबांना चष्मा होता, पण तो खिशात. चारचौघांत लावायचा नाही. एका चारीच्या लेव्हल आम्ही घेतल्या, संध्याकाळी हिशोब केला तर क्लोजिंग जुळेना, म्हणजे शेवटचा आकडा मेळ खाईना. साहेब म्हणाले खलाशी झोपला होता. खलाशी म्हणाला, "साहेब, मी झोपलो तर स्टाफ पडंल ना." आता कालव्याला किलोमीटरमागे उतार काही सेंटिमीटरच, तिथं थोडी चूक झाली तरी पाणी पुढं जायचं सोडून मागं बघत बसतं. दुसऱ्या दिवशी मी लेव्हलला डोळा लावला आणि डोकं जरासं वर-खाली केलं, तर दुर्बिणीतली रेघ स्टाफवर हलायला लागली! स्टाफ जागच्या जागी, लेव्हल जागच्या जागी, अन् रेघ चाललीय गावाला. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. रेघ आणि चित्र एका पातळीवर पडलं नाही, की डोळा जसा हलेल तसं रीडिंग हलतं.

उपाय आमच्या एका जुन्या ड्राफ्ट्समनकाकांनी शिकवला होता. लेव्हलच्या पुढच्या काचेसमोर कोरा कागद धरायचा. आता स्टाफ नाही, झाड नाही, खलाशी नाही, फक्त रेघ. आयपीस, म्हणजे डोळ्याकडची काच, फिरवत फिरवत ती रेघ शाईनं मारल्यासारखी काळी करायची आणि त्यानंतरच स्टाफ फोकस करायचा. पूर्वी त्या रेघा कोळ्याच्या धाग्याच्या असायच्या, म्हणजे दोष द्यायला कोळीसुद्धा होता. आमच्या साहेबांनी आयपीसला हातच लावला नव्हता. स्टाफ दिसला की खूश.

रिटायर झाल्यावर इथं आलो, .22 रायफलला स्कोप लावला, तर आतला क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची फुली, लोकरीच्या धाग्यासारखा. शेजारचे म्हणाले, बाजूची चकती फिरवा. फिरवली. टार्गेट छान झालं, धागा लोकरीचाच. मी स्कोप परत पाठवायला खोक्यात भरलासुद्धा! मग रात्री डोक्यात कागद चमकला. बाजूची चकती टार्गेटसाठी, मागची, आयपीसची कडी माझ्या डोळ्यासाठी. इथल्या निम्म्या लोकांनी ती कडी विकत घेतल्यापासून फिरवलेली नाही. हात वर करू नका, मला चेहरे दिसतायत.

दुसरं गाऱ्हाणं चष्म्याच्या दुकानाचं. मला प्रोग्रेसिव्ह काच दिली. वर लांबचं, खाली जवळचं, एका काचेत सगळं घर. मी म्हणालो, मला निशाणा धरायचाय. तो म्हणे, "काका, या वयात बंदूक कशाला?" मी म्हणालो, "या वयात पैसे घेताय ते कसे चालतात?" आडवं पडून नेम धरला की मान खाली जाते आणि डोळा काचेच्या वरच्या, नाकाजवळच्या कोपऱ्यातून बघतो. तिथं नंबर भलताच, नाहीतर सरळ फ्रेमची दांडी. माझ्या स्कोपमध्ये महिनाभर एक काळा डोंगर दिसत होता. तो फ्रेमचा होता.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

कडी लावताना स्कोप मोकळ्या आकाशाकडे धरा, सूर्याकडे चुकूनही नाही. दोन सेकंद बघा, डोळा काढा, फिरवा, पुन्हा बघा. टक लावून बसलात तर डोळाच जुळवून घेतो, तुम्हाला वाटतं कडी बरोबर बसली, आणि दहा मिनिटांत डोकं दुखतं. नेहमी चष्मा लावूनच नेम धरणार असाल, तर कडीही चष्मा लावूनच लावा. लांबचा साधा नंबर कडी सांभाळून घेते, फार मोठा नसेल तर. सिलिंडर नंबर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा नंबर, मात्र नाही सांभाळत. ओळखायचं कसं? उभी रेघ काळी झाली की आडवी काजळासारखी पसरते, आडवी नीट केली की उभी पसरते. तिथं चष्माच लागतो, लांबचा, एका नंबराचा, साधा.

मोठं करून बघायचा मोह आवरा. स्कोपची 40 मिलिमीटरची पुढची काच 8 पटीला डोळ्याकडे 5 मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत देते, 16 पटीला अडीच. वयानं डोळ्याची बाहुली लहानच राहते, त्यात मोतीबिंदू असला तर चित्र मातीच्या रंगाचं होतं. पटी कमी करा. आणि मे महिन्यात अकरानंतर टार्गेट नाचतं ते डोळ्यामुळे नाही, तापलेल्या हवेमुळे. आमच्या लेव्हलीही तेव्हा बंद असायच्या.

पॅरॅलॅक्सची परीक्षा तीच, डोकं हलवायचं आणि रेघ बघायची. बाहेर रायफल स्टँडवर ठेवली आहे, तिचा बोल्ट काढून माझ्या खिशात आहे, म्हणजे गोळी सुटायची नाही. एकेकानं या, चष्मा घेऊन या. ज्यांचा खिशात आहे त्यांनीही.