चाखणाऱ्या पेशी

मित्रहो, चव म्हटलं की आपल्याला जीभ आठवते आणि वास म्हटलं की नाक. आज मला सांगायचं आहे ते थोडं वेगळं. रसायन ओळखणं हे मुळात पेशीचं काम आहे. जिथे शरीर संपतं आणि बाहेरचं जग सुरू होतं, तिथली जवळजवळ कोणतीही पेशी ते करू शकते. आणि बऱ्याचदा ती मेंदूची वाट न पाहता, जागच्या जागी कामाला लागते.

आपल्या श्वासमार्गापासून सुरुवात करू. प्रौढ माणूस दिवसाला १०,००० लिटरहून जास्त हवा आत घेतो. त्या हवेबरोबर धूळ, धूर, जंतू सगळंच येतं. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पुष्कळशा पेशींच्या माथ्यावर शे-दोनशे पक्ष्माभिका असतात, म्हणजे हलणारे सूक्ष्म केस. सेकंदाला दहा-पंधरा वेळा फटकारे मारत त्या चिकट श्लेष्म घशाकडे ढकलत राहतात. या पक्ष्माभिका म्हणजे निव्वळ झाडू, अशी अनेक वर्षं समजूत होती. २००९ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की माणसाच्या या पक्ष्माभिकांवर कडू चवीचे ग्राही, म्हणजे ती चव ओळखणारी प्रथिनं, आहेत. जिभेवर असतात त्याच घराण्यातले. कडू पदार्थ लागला की पेशीतलं कॅल्शियम वाढतं आणि फटकाऱ्यांचा वेग वाढतो. म्हणजे ओळखणारी पेशी तीच आणि झटकून टाकणारीही तीच. मधे ना चेतातंतू, ना मेंदू. मला स्वतःला जीवशास्त्रातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या सुंदर वाटतात.

पण श्वासमार्गाला कडू चव हवी कशाला? याचं उत्तर जंतूंकडे आहे. स्यूडोमोनास हा जंतू आपल्या भाईबंदांची गर्दी किती झाली आहे हे जोखण्यासाठी काही रेणू बाहेर सोडतो. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने दाखवलं, की नाकाच्या आणि सायनसच्या पेशींवरचा टी-टू-आर-३८ हा कडू ग्राही नेमके हेच रेणू ओळखतो. जंतूंची आपापसातली कुजबुज आपल्या पेशी चोरून ऐकतात, असं म्हणा ना! ती ऐकू आली की पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडते. त्याने जंतू मरतात आणि पक्ष्माभिकाही वेगाने हलू लागतात.

याच ग्राहीची आणखी एक हकीकत आहे. १९३१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, काय कडू आहे! फॉक्स यांना मात्र काहीच लागलं नाही. हा फरक आनुवंशिक निघाला, आणि पुढे कळलं की तो मुख्यतः टी-टू-आर-३८ च्या जनुकातला आहे. ज्यांचा हा ग्राही तल्लख, त्यांच्या नाकातल्या पेशीही जंतूंच्या रेणूंना जोरकस उत्तर देतात.

श्वासनलिकेत ब्रश पेशी नावाच्या विखुरलेल्या, एकट्या-दुकट्या पेशीही असतात. त्यांची रीत निराळी. त्या ॲसिटिलकोलीन हा निरोप्या रेणू सोडून शेजारच्या चेतातंतूला जागं करतात. उंदरांमध्ये त्यामुळे श्वासाची गती मंदावते, जेणेकरून नकोशी हवा कमी आत जावी.

आता कीटकांकडे वळू. इथे ओळखण्याची गरज उलटी आहे. संकट हाकलायचं नाही, जोडीदार शोधायचा आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशीमकिड्याच्या सुमारे ५ लाख मादी पतंगांपासून काही मिलिग्रॅम बॉम्बिकॉल, म्हणजे नराला खेचून आणणारा मादीचा गंध, वेगळा काढला. ते १९५९ साली जाहीर झालं. रासायनिक रचना उलगडलेलं हे पहिलं फेरोमोन, म्हणजे आपल्याच जातीच्या दुसऱ्या जीवासाठी सोडलेला रासायनिक निरोप.

नराची शृंगिका, म्हणजे डोक्यावरची मिशी, सूक्ष्मदर्शकाखाली पिसासारखी दिसते. तिच्यावर हजारो पोकळ केस, केसांच्या भिंतीत बारीक छिद्रं. छिद्रातून आलेला बॉम्बिकॉलचा रेणू तेलकट असतो आणि केसातला द्रव पाणीदार, म्हणून एक प्रथिन त्याला कवेत घेऊन चेतापेशीपर्यंत पोचवतं. ही चेतापेशी इतकी संवेदनशील, की एका रेणूनेही तिच्यात विद्युत्स्पंद उठू शकतो. पाळीव रेशीमकिड्याचा नर उडू शकत नाही. तरी गंध लागला की तो पंख फडफडवत चालू लागतो, आणि त्या फडफडीने समोरची हवा शृंगिकांवरून ओढली जाते.

आपल्या नाकातले गंधग्राही पेशीच्या आत निरोपांची एक साखळीच सुरू करतात. कीटकांचा गंधग्राही स्वतःच आयनांसाठीचं, म्हणजे विद्युतभारित कणांसाठीचं, दार असतो. रेणू बसला की दार उघडतं. हे २००८ मध्ये स्पष्ट झालं. नाव एकच असलं तरी या दोन यंत्रणांचा उगम वेगवेगळा आहे.

गांडुळाला ना नाक, ना शृंगिका. त्याच्या संवेदी पेशी सगळ्या त्वचेभर आहेत, तोंडावरच्या पुढच्या टोकाशी सर्वांत दाट. डार्विन यांनी १८८१ च्या गांडुळांवरच्या ग्रंथात आपले प्रयोग नोंदवले आहेत. तंबाखूचा वास, अत्तर, काही केलं तरी गांडुळं हलली नाहीत, पण मातीत पुरलेले कोबीच्या पानांचे तुकडे त्यांनी शोधून काढले. आम्लाच्या बाबतीत तर ती फार चोखंदळ असतात, आणि किती आम्लतेला मागे सरकायचं हे जातीगणिक बदलतं. त्रास झालेलं गांडूळ जो स्राव सोडतं, त्यापासून दुसरं गांडूळ दूर राहतं, हे १९६८ मध्ये दाखवलं गेलं.

मातीतली गांडुळं मोजायची असली की अभ्यासक जमिनीवर मोहरीचं पाणी ओततात. थोड्याच वेळात ती वर येतात. मोहरीतला अलाइल आयसोथायोसायनेट हा झोंबणारा रेणू. आपल्या चेतातंतूंवरचं टीआरपीए-१ हे प्रथिन तो ओळखतं, आणि फळमाशीतलं टीआरपीए-१ सुद्धा. ही ओळख रेणूच्या आकारावरून पटत नाही. रेणू प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी थेट रासायनिक बंध जोडतो, म्हणून पटते. त्यामुळे असा बंध जोडू शकणारे इतर रेणूही तिथे पकडले जातात, धुरातलं ॲक्रोलीन धरून. गांडुळं वर काढायला पूर्वी सर्रास फॉर्मॅलिन वापरत. तेही टीआरपीए-१ ला चेतवतं, म्हणून ओतणाऱ्याचे डोळे चुरचुरायचे.