पान शेकायचं, मग ऐकायचं

(दृश्य: सकाळ. काडीकचऱ्याचा जाळ, वर धरलेला डफ.)

श्रावणातला सोमवार. खानदेशात आज कानबाई देवीचं विसर्जन. रात्रभर हवेत ओल होती. डफाच्या पानानं, म्हणजे त्यावर ताणलेल्या बकरीच्या कातड्यानं, ती पिऊन घेतली, पान सैल पडलं, आवाज बसला. म्हणून आधी जाळ.

काडीकचरा पेटवायचा, ज्वाळ खाली बसू द्यायची, मग डफ हातभर उंचीवर फिरवत ठेवायचा. एका जागी थांबला तर तेवढाच भाग ताणला जातो आणि एकाच डफातून दोन स्वर निघतात. जास्त शेकला तर पान कडेला सुटतं, नाहीतर मधेच तडकतं. ही बघा, टिचकी. अजून भदभद वाजतंय. पुन्हा जाळावर. आता खणखणलं.

(दृश्य: हात जवळून.)

मध्यावर ठोका पडला की खोल, लांबणारा आवाज. काठावर काडी पडली की तुटक, कडक. सगळा ठेका या दोन आवाजांवर आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेवर उभा. ‘काल’, ‘उद्या’, ‘नाही’ यांतलं काहीही डफाला सांगता येत नाही. तरी पाय उचलले जातात. 7 ठोके ऐकले की आठवा कुठे पडणार हे कानाला ठाऊक असतं. वाजवणारा तो गाळतो, पावलं अधांतरी राहतात. पुढच्या फेरीत देतो, सगळी रांग एकदम जमिनीवर येते. डफाचा अर्थ शोधायचा तर तो या वाट पाहण्यात शोधावा.

(दृश्य: ओट्यावरच्या आजी.)

कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, भाऊबंद गावी येतात. आजी अहिराणीत, म्हणजे खानदेशच्या बोलीत, म्हणतात, “भाऊ वना.” भाऊ आला. पुन्हा म्हणतात, “भाऊ वना?” अक्षरं तीच. पहिल्यांदा स्वर शेवटी खाली टेकला, दुसऱ्यांदा वर गेला, आणि बातमीचा प्रश्न झाला. बोलण्यात गाणं इतकं मुरलेलं आहे. पण अहिराणीत स्वर कितीही चढवा, ‘भाऊ’ हा भाऊच राहतो. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेत स्वराच्या 3 पातळ्या आहेत, आणि पातळी बदलली की शब्दच बदलतो. म्हणून तिथला कमरेत बारीक असलेला ढोल, काखेत दोऱ्या दाबून, खरोखरचं वाक्य वाजवतो. ऐकणाऱ्याला मात्र ती भाषा यावी लागते.

आपल्याकडे लग्नाचा ठेका वेगळा, मयताचा वेगळा. दुःखात माणूस हळू, खालच्या पट्टीत बोलतो. मयताचा ठेकाही संथ. तेवढं परक्यालाही जाणवेल. मयत झालं आहे, हे मात्र गावात वाढलेल्या कानालाच कळतं.

फायबरच्या पानाला जाळ लागत नाही, पण मधल्या ठोक्याचा घुमारा त्यात नाही. चामड्याचे डफ घटत चालले आहेत.

(दृश्य: मिरवणूक, नदीची वाट, भुरभुर पाऊस.)

कानबाई निघाली. पान पुन्हा उतरायला लागलंय. नदीवर पोचण्याआधी आणखी एकदा जाळ करावा लागेल.