बारशाचा दिवस सोडून

नमस्कार श्रोतेहो.

"बारशाला येताच आहात, तर बाळाचे चार चांगले फोटोही काढून टाका." इंदूरमध्ये तान्ह्या बाळांचे फोटो काढणाऱ्या माझ्यासारखीला हे वाक्य वरचेवर ऐकायला मिळतं. बोलणाऱ्या बहुधा आजीबाई असतात आणि त्यांचा हिशेब चोख असतो. पाळणा सजलेला, बाळंतीण नटलेली, आत्या-मावश्या जमलेल्या, वर फोटोग्राफरला पैसे एकदाच. मी म्हणते, आजी, बारशाचे फोटो बारशालाच काढू, पण बाळाचे फोटो वेगळ्या दिवशी. कारण त्या दिवशी बाळ सगळ्या गावाच्या मांडीवरून फिरून आलेलं असतं, कानात 'कुर्र' झालेलं असतं, झोपेची वेळ टळलेली असते आणि नव्या झबल्याची जर गळ्याला टोचत असते. मग ते एकतर टाहो फोडतं, नाहीतर दमून भलत्याच वेळी झोपतं. फोटोत बाळापेक्षा सोहळाच जास्त दिसतो.

मग योग्य दिवस कोणता? माझ्या मते दोन वेळा चांगल्या आहेत आणि त्यांच्यामधला काळ टाळावा.

पहिली वेळ साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसापर्यंतची. त्याआधी घाई नको. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. जन्माच्या वजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत घट झाली तरी ती बहुतेक बाळांत नेहमीचीच, आणि दहा ते चौदा दिवसांत ती भरून येते. चेहऱ्यावर बाळंतपणाची सूज असते, आईला दूध नुकतं उतरत असतं, तिला स्वतःला धड बसवत नसतं. सिझेरियन झालं असेल तर दहावा दिवस उजाडल्याशिवाय फोटोचा विषयही काढू नये. बाळाइतकीच ती बाळंतीणही फोटोत यायची असते, हे घरच्यांच्या पटकन लक्षात येत नाही.

पाचव्या दिवसानंतर मात्र गंमत सुरू होते. या वयात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं, आणि झोपतं तेही पोटात होतं तसंच, गुडघे पोटाशी, मुठी हनुवटीखाली. पाठ गोल. दोन आठवडे उलटले की हातपाय लांब व्हायला लागतात, झोप हलकी होते, आणि जरा खुट्ट झालं की दोन्ही हात पसरून बाळ दचकतं. हे दचकणं निसर्गानंच दिलेलं आहे, तीन-चार महिन्यांनी आपोआप ओसरतं. पण तोवर ती गुरफटलेली झोप संपलेली असते, आणि तिचा फोटो नंतर कितीही पैसे दिले तरी निघत नाही.

आमच्या धंद्याला झोपेची ही गरज जुनीच आहे. जुन्या काळचे नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांचं नाव आपल्या इंदूरशी जोडलेलं. 1866 साली ते इथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि 1874 च्या सुमारास इंदूरमध्येच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्या काळी ओल्या काचेवर चित्र घ्यायचं, आणि त्यासाठी समोरच्यानं काही सेकंद हलायचं नाही. मोठी माणसं श्वास रोखून बसत, पण तान्ह्याला कोण सांगणार? युरोपातल्या स्टुडिओंत तर आईला चादरीखाली लपवून तिच्या मांडीवर बाळ ठेवत आणि फोटोत फक्त बाळ दिसे. आता मोबाईलसुद्धा डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो काढतो. तरी झोपलेलं बाळ ते झोपलेलंच.

आता आपल्या घरांतली अडचण. बऱ्याच कुटुंबांत सोयर फिटेपर्यंत, म्हणजे दहा दिवस, बाहेरच्या माणसाला आत येऊ देत नाहीत. त्याला माझी काही हरकत नाही. उलट नवजात बाळाजवळ कमी माणसं आली तर बरंच. अकरावा दिवस आपला आहे ना? मग अकराव्या दिवशी बाळाचे फोटो, बाराव्या किंवा तेराव्याला बारसं. अकरावा जमला नाही तर चौदावा. नाळ तोवर गळलेली असेल किंवा नसेल. एक-दोन आठवड्यांत ती आपोआप गळते, फोटोसाठी ओढून काढायची नाही. लंगोटाची घडी थोडी वर घेतली की झाकते. हातापायांची साल निघत असेल तर तीही राहू द्या, त्या वयाची ओळखच ती.

कावीळ मात्र वेगळी गोष्ट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसू लागणं पुष्कळ घरांत होतं, तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत ते वाढतं आणि सहसा दोन आठवड्यांत उतरतं. पण जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बाळ दूध प्यायला उठेनासं झालं, तर आधी डॉक्टर, फोटो मागाहून. इथे मोबाईलवर भरवसा ठेवू नका. चेहरा गोरा करणारे फिल्टर पिवळेपणा पुसून टाकतात, आणि पिवळे पडदे किंवा पिवळ्या दिव्याखाली धडधाकट बाळही पिवळं दिसतं. बाळाचा रंग पाहायचा तो खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, आपल्या डोळ्यांनी.

टाळायचा काळ म्हणजे तिसरा ते पाचवा आठवडा. गालांवर-कपाळावर बारीक पुटकुळ्या उठतात, टाळूवर खपली धरते, पोटात वायू धरून बाळ कुढत राहतं. गाढ झोप गेलेली आणि हसू अजून आलेलं नाही. या दिवसांत मला बोलावलंत तर मी येईन, पण पैसे वाया जातील हे आधीच सांगेन. पुटकुळ्यांवर पावडर थापून फोटो काढायचा हट्ट तर कुणी करूच नये. पावडरचे कण बाळाच्या श्वासात जातात.

आणि दुसरी चांगली वेळ? ती आपल्या आज्यांनी आधीच ठरवून ठेवली आहे. सव्वा महिन्याआधी बाळाचा फोटो काढू नये, दृष्ट लागते, असं कितीतरी घरांत म्हणतात. दृष्टीचं मी काही बोलत नाही. पण सव्वा महिना संपतो आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात बाळ माणूस ओळखून हसायला लागतं, हे खरं. म्हणजे आजीचं ऐकून थांबलात तरी तुमचं काही बिघडत नाही, फक्त फोटो वेगळा येतो. आधीचा झोपेतला, हा नजरेतला. फक्त एक सांभाळा: दीड महिन्याच्या लसी याच सुमाराला असतात. टोचल्यानंतर दोन-तीन दिवस बाळ किरकिरतं, ताप येतो. फोटो आधी काढा, नाहीतर चार दिवस जाऊ द्या. पण फोटोसाठी लस लांबवू नका. वेळ सकाळचीच ठेवा, कारण या वयात संध्याकाळी रडण्याचा जोर फार असतो. आणि आईनं कॅमेऱ्याला गाल लावून बोलत राहावं. लहानग्याला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं, पण आवाजाच्या दिशेला ते तोंड वळवतं.

आता दिवसातला तास. यासाठी स्टुडिओवाल्यांची पुस्तकं वाचायची गरज नाही, न्हाऊ घालणाऱ्या बाईला विचारा. तेल लावून मालीश, ऊन पाणी, मऊ दुपट्यात गुंडाळणं, पोटभर दूध, आणि मग दोन-अडीच तास बाळ जे झोपतं ते ढोल वाजवले तरी उठत नाही. तोच माझा तास. मी घरी विचारते, आंघोळ किती वाजता? दहाला असेल तर मी पावणेअकराला येते. फोटोच्या दिवशी अंगावरचं तेल मऊ पंच्यानं नीट टिपा, नाहीतर कपाळ चकाकतं. धुरी मात्र देऊ नका. फोटोसाठी म्हणून नाही, एरवीही नाही. शेपा-ओव्याचा धूर असला तरी तो धूरच, आणि त्या इवल्या फुप्फुसांना तो झेपत नाही. काजळाचंही तेच. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, फोटोत पावलं फार छान दिसतात.

उजेड खिडकीचा. ट्यूबलाइट बंद, फ्लॅश बंद. बाळाला खिडकीपासून दोन-तीन हातांवर असं निजवा की उजेड कपाळावरून नाकाकडे उतरेल. हनुवटीखालून वर आला तर चेहरा भेसूर दिसतो. राजवाड्यामागच्या जुन्या वाड्यांत आतल्या खोल्या काळोख्या असतात, तिथे माडीवर रस्त्याकडची खिडकी गाठावी. ऊन थेट येत असेल तर पांढरं धोतर आडवं बांधा. आणि अंगाखाली? बाजारातला फरचा गालिचा नको. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं महेश्वरी लुगडं काढा, फक्त जरीचा काठ अंगाला लागणार नाही असं घाला. थंडीत खोली आधी ऊबदार करून मगच बाळाचे कपडे काढा. मे महिन्यात कूलरचा झोत अंगावर येऊ देऊ नका.

इंटरनेटवर बाळं हनुवटीखाली हात टेकून बसलेली दिसतात. ते एकच छायाचित्र नसतं, दोन असतात. एकात कुणीतरी डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात हात, आणि दोन्ही संगणकावर जोडून धरणारी बोटं पुसलेली असतात. बाळाला मान धरता येत नाही, ती तीन-चार महिन्यांनी स्थिरावते. घरी असला प्रयोग करू नका. झोळीत टांगून फोटो तर नाहीच नाही.

बाळ दिवसांआधी झालं असेल तर जन्मतारीख विसरा, डॉक्टरांनी दिलेली मूळ तारीख धरा आणि तिथून मोजा. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, असतानाच फोटो हवा असेल तर तिथल्या सिस्टरांना विचारून, आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून घेतात तेव्हा, मोबाईलवर एखादा काढा. माझ्यासारख्यांची तिथे गरज नसते.

फोटोग्राफर ठरवायचा तो सातव्या-आठव्या महिन्यातच, पण तारीख पक्की करू नका. बाळ जन्मलं की फोन करा, दिवस तेव्हा ठरेल. त्याला दोन प्रश्न नक्की विचारा: तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला सर्दी-खोकला आहे का, आणि बाळ मध्येच दुधाला उठलं तर थांबाल ना? थांबायला कुरकुर करणारा असेल तर दुसरा बघा. तासाभराच्या कामाला आम्हाला तीन तास लागतात, आणि त्यातले दोन बाळाच्या दुधाचे असतात.

नमस्कार.