दाढदुखीच्या वाटेनं आलेली बुरशी

(दृश्य: दंतवैद्याची खुर्ची, वर पेटलेला दिवा)

मे २०२१. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतून नुकताच उठलेला माणूस दातांच्या डॉक्टरांकडे येतो. वरची दाढ हलतेय म्हणतो. कीड नाही, पण शेजारचे दोन-तीन दातही हलतायत. नाकाची तक्रार? काहीच नाही.

महाराष्ट्रात त्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे नाकातून शिरणाऱ्या बुरशीच्या आजाराचे, कितीतरी रुग्ण असे आधी दंतवैद्याकडेच पोचले. नाकाचा आजार दातात कसा? वरच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, अगदी तळाशी असतात. श्वासातून नाकात गेलेली बुरशी सायनसमध्ये रुजली की तिथून जबड्याचं हाड पोखरते.

लोकांनी तिला 'काळी बुरशी' म्हटलं, आणि या नावानंच घात केला. शरीरात पसरणारे तिचे धागे काळे नसतातच. ते रक्तवाहिनीत शिरतात, गुठळी होते, रक्तपुरवठा तुटतो आणि मेलेलं मांस काळं पडतं. म्हणजे काळा रंग दिसतो तो उशिरा. त्याआधी कुणाचा गाल बधिर होतो, कुणाची पापणी पडते, कुणाला एकाचे दोन दिसतात. चेहरा वाकडा झाला की घरच्यांना वाटतं, अर्धांगवायू. दुर्बिणीतून पाहिलं तर नाकातलं मांस नुसतं फिकट दिसतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काच)

शंका आली तर नाकातला छोटा तुकडा काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बघतात. रुंद, फितीसारखे, जवळपास काटकोनात फुटणारे धागे त्याच दिवशी दिसू शकतात. अट एकच: शंका यायला हवी. मधुमेह असेल, स्टेरॉइड घेतली असतील, तर साध्या दाढदुखीलाही ती यावी.

ॲम्फोटेरिसिन बी हे या बुरशीवरचं औषध त्या दिवसांत मिळता मिळत नव्हतं. पण ते मिळूनही भागत नाही. जिथे रक्त पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही, म्हणून मेलेला भाग कापून काढावाच लागतो. कधी टाळूसकट वरचा जबडा.

(दृश्य: वाटीतल्या पाण्यात ठेवलेली गुलाबी पट्टी)

ही कृत्रिम टाळू. जेवायला बसण्याआधी ती तोंडात बसवायची. विसरलं, तर आमटीचा घोट नाकातून बाहेर येतो.