पंखा बंद, पंप चालू

(ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीतलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, मे महिन्यात नागपुरात बोलायचं तर कूलरपासूनच सुरुवात करू. कूलरला दोन बटणं असतात, एक पंख्याचं, एक पंपाचं. रात्री गार वाटलं की आपण पंखा बंद करून झोपतो, आणि पंप बिचारा सकाळपर्यंत ताट्यांवर पाणी सोडत राहतो. मोबाइलमधलं ॲप पुसून टाकणं म्हणजे नुसता पंखा बंद करणं.

सीताबर्डीला माझ्या दुकानात एक काका आले. "ॲप काढून चार महिने झाले न जी, तरी 299 कटतात. काहून?" पासबुक मागं मागं पाहत गेलो तर पहिली नोंद सापडली 1 रुपयाची. एका रुपयात सात दिवस भजनं! काकांनी पिन टाकला तो त्यांच्या मते रुपयासाठी. खरं म्हणजे त्या पिननं त्यांनी दरमहा पैसे न्यायची परवानगी दिली होती. ही परवानगी ॲपमध्ये नसते, यूपीआयकडे नोंदलेली असते. म्हणून ज्या यूपीआय ॲपवरून ती दिली तिथंच जायचं, 'ऑटोपे' शोधायचं आणि ती रद्द करायची. 'पॉज' दाबू नका, ती नुसती सुट्टी असते.

रद्द करताना पुन्हा पिन मागितला तेव्हा काकांनी हातच आखडला. "पुन्हा पैसे जातील ना बाप्पा!" नाही जात. इथं पिन फक्त तुम्हीच रद्द करताय याची खूण म्हणून लागतो.

पैसे कटण्याच्या किमान 24 तास आधी कळवलं पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काकांना तसे मेसेज आलेही होते, पण लग्नाच्या शुभेच्छा आणि कर्जाच्या जाहिरातींखाली दबून गेलेले. सुरू करायला एक बोट आणि बंद करायला दहा पानं, या प्रकाराला सरकारनं 2023 च्या नियमावलीत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हटलंय आणि त्याला बंदी आहे. तक्रारीला 1915, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, लावा. इंटरनेटवर सापडलेला 'कस्टमर केअर'चा नंबर मात्र लावू नका, त्यातले कितीतरी भामट्यांचे असतात.

काकांचा लॅपटॉपही रेंगाळत होता. तिथंही तीच गोष्ट. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. 'एंड टास्क' केलं की प्रोग्राम थांबतो, पण उद्या लॅपटॉप चालू केला की पुन्हा हजर. त्याचा पंप 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये आहे, तिथं 'डिसेबल' करा. अँटीव्हायरस आणि ओळख न लागणारी नावं तशीच राहू द्या.

चला, आता सगळ्यांनी मोबाइल काढा. काकू, तुमच्या ऑटोपेच्या यादीत तीन दिसतात? थांबा, तिन्ही उडवू नका. मधला विम्याचा हप्ता आहे.