गावचा क्लब, देशाची उतरंड

(दृश्य: हॅम्पडेन पार्कची जुनी कृष्णधवल छायाचित्रं, टोप्या घातलेल्या माणसांची गर्दी)

साल 1951. ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर 77,650 माणसं आली आहेत. सामना सेल्टिकचा नाही, रेंजर्सचा नाही, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचाही नाही. एका बाजूला पीटर्सहिल, म्हणजे रेल्वेची इंजिनं बांधणाऱ्या स्प्रिंगबर्न वस्तीतला क्लब. दुसऱ्या बाजूला समुद्रकाठच्या अर्विन गावचा अर्विन मेडो. फुटबॉलच्या ज्युनियर कपचा अंतिम सामना आहे.

ज्युनियर म्हणजे पोरासोरांचा खेळ नव्हे. खेळणारे बापये गडी. कोळशाच्या खाणीत, गोदीत, गिरणीत राबणारे, आणि शनिवारी दुपारी गावच्या रंगाचा शर्ट घालून मैदानात उतरणारे. 1886 साली या क्लबांची स्वतःची संघटना उभी राहिली आणि स्कॉटिश फुटबॉलची दोन घरं झाली. एक सीनियरांचं, एक ज्युनियरांचं. ज्युनियरांच्या लीग वेगळ्या, करंडक वेगळे, कारभारही वेगळा. खेळाडू मात्र या घरातून त्या घरात जात. 1967 साली सेल्टिकने युरोपियन कप जिंकला, त्या संघाचा कर्णधार बिली मॅकनील ब्लँटायर व्हिक्टोरिया या ज्युनियर क्लबात घडला. स्कॉटलंडचा नामवंत खेळाडू केनी डॅल्ग्लिश कम्बरनॉल्ड युनायटेडमध्ये. खेळाडूला वर जायला वाट होती. क्लबला नव्हती.

आता जरा एका गावात थांबू या.

(दृश्य: ऑखिनलेकजवळच्या माळावर उभा असलेला बॅरनी खाणीचा सांगाडा)

एअरशर भागातलं ऑखिनलेक. वस्ती चार हजारांच्या आतबाहेर. हा समोर दिसतोय तो बॅरनी खाणीवरचा सांगाडा. खाण 1989 मध्ये बंद पडली. कामगार पांगले, खाणीच्या इमारती गेल्या, हा सांगाडा तेवढा जपून ठेवला आहे. गावात तेव्हाही होता आणि आजही आहे तो ऑखिनलेक टॅलबॉट हा क्लब. स्थापना 1909. लॉर्ड टॅलबॉट यांनी मैदान खेळायला दिलं, म्हणून नावात टॅलबॉट. या एवढ्याशा गावाने ज्युनियर कप 14 वेळा जिंकला आहे. दुसऱ्या कुठल्याच क्लबला ते जमलेलं नाही.

आणि शेजारीच, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, कमनॉक. दोन्ही गावं खाणीवर जगलेली. एकमेकांत सोयरिकी, एकमेकांच्या गावात कामधंदा, आणि मैदानावर मात्र एकमेकांचं तोंड बघायचं नाही असं वैर. ऑखिनलेक विरुद्ध कमनॉक हा सामना असला की त्या दिवसाच्या गेटच्या पैशावर क्लबचे कित्येक महिने निघतात. पुढची सगळी गोष्ट समजून घेताना हा सामना डोक्यात ठेवा. कारण क्लबच्या कमिटीच्या बैठकीत वरच्या लीगमध्ये जायचा प्रश्न निघाला की तो पहिल्यांदा इथेच येऊन अडायचा: वर गेलो, तर कमनॉकशी कधी खेळणार?

वर जाण्याचा प्रश्न आला कुठून? स्कॉटलंडची राष्ट्रीय लीग कितीतरी दशकं बंद दारामागे होती. तळाला राहिलेला क्लब पुढच्या वर्षी तिथेच. एखादी जागा रिकामी झाली की बाकीचे क्लब मतदान करून कुणाला तरी आत घेत. अशा मतदानाने 1994 मध्ये इनव्हर्नेस आणि रॉस काउंटी आले, 2008 मध्ये अ‍ॅनन आला. मैदानात जिंकून आत यायची सोय नव्हती.

ती सोय झाली 2014-15 च्या हंगामात. उत्तरेला हायलँड लीग जुनीच होती. दक्षिणेसाठी 2013 मध्ये लोलँड लीग काढली. दोन्हीकडच्या विजेत्यांनी आपसात खेळायचं, जो जिंकेल त्याने राष्ट्रीय लीगमधल्या सर्वांत तळाच्या क्लबशी. पहिल्या वर्षी दार लोटून पाहिलं, उघडलं नाही. 2016 मध्ये एडिनबरा सिटी आत गेला आणि ईस्ट स्टर्लिंगशर बाहेर पडला. पिरॅमिड म्हणतात तो खरा तेव्हा उभा राहिला, वरपासून खालपर्यंत एकावर एक रचलेली उतरंड.

पण या उतरंडीत ज्युनियर क्लब नव्हते. ज्यांच्या सामन्यांना लोक गर्दी करत, ज्यांना शंभर-सव्वाशे वर्षांचा वारसा, तेच बाहेर.

पहिलं पाऊल उचललं फाइफमधल्या केल्टी हार्ट्सने. हेही खाणीचंच गाव. 2017 मध्ये त्यांनी ज्युनियर फुटबॉल सोडलं आणि ईस्ट ऑफ स्कॉटलंड लीगमध्ये, म्हणजे थेट उतरंडीच्या खालच्या थरात जाऊन बसले. जुने सोबती मागे राहिले. पण वर्षभरातच पूर्वेकडचे दोन डझनांच्या आसपास क्लब त्यांच्या मागोमाग आले. बॉनीरिग रोझ आला, लिनलिथगो रोझ आला. केल्टी तोवर पुढे निघाला होता. 2021 मध्ये त्यांनी ब्रेखिन सिटीला हरवून राष्ट्रीय लीग गाठली, आणि 1906 साली स्थापन झालेला ब्रेखिन हायलँड लीगमध्ये उतरला. पुढच्या जानेवारीत स्कॉटिश कपच्या गतविजेत्या सेंट जॉनस्टनला केल्टीने घरच्या मैदानावर कपबाहेर काढलं. त्याच हंगामात लीगची आपली श्रेणीही जिंकली.

हे बघून पश्चिमेकडच्या क्लबांच्या मनात काय चाललं असेल?

(दृश्य: छोट्या मैदानाचं फाटक, तिकिटाची खिडकी, चहाचा ठेला)

हिशेब मांडून बघा. वर जायचं तर स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनचा परवाना लागतो. परवान्याला प्रकाशझोत लागतात. ज्या मैदानावर आयुष्यभर दिवसाउजेडी खेळले, तिथे खांब उभे करायचे. पाहुण्या संघाची खोली, पंचांची खोली, कागदपत्रं, हिशेब तपासणी, सगळं आलं. बहुतेक क्लबांत ही कामं पगारी माणसं करत नाहीत. गवत कापणारा, तिकीट फाडणारा, चहा देणारी बाई, सगळे गावचे आणि सगळे फुकट राबणारे.

मग प्रवास. पश्चिमेच्या ज्युनियर लीगमध्ये बहुतेक सामने बसने तासा-दीड तासावर. राष्ट्रीय लीगच्या तळाच्या श्रेणीत एका टोकाला नैर्ऋत्येचा स्ट्रॅनरार आणि दुसऱ्या टोकाला ईशान्येचा एल्गिन. स्ट्रॅनरार ते एल्गिन रस्त्याने चारशे किलोमीटरहून जास्त. शनिवारी कामावर सुट्टी मागणारा सुतार किंवा गवंडी एवढा प्रवास करून खेळणार, आणि त्याच्यामागे गावातून किती माणसं जाणार?

आणि ज्युनियर कप. ज्या करंडकासाठी आजोबा खेळले, तो उतरंडीत जाताना सोडायचा का? या प्रश्नावर कमिटीतल्या जुन्या लोकांचा आवाज चढायचा, आणि तो चढायलाच हवा होता. ही नुसती आठवणींची माया नाही. गावाला देशात ओळख होती ती त्या कपामुळे.

दुसऱ्या पारड्यात काय होतं? न गेलो तर काय होईल, ही भीती. चांगला खेळाडू विचारणार, तुम्ही जिंकलात तर पुढे कुठे जाणार? पूर्वेचे क्लब गेल्यावर ज्युनियर कपचं अर्धं वजन कमी झालंच होतं.

वाट बघत राहिलं की काय होतं याचा धडा सीमेपलीकडेच होता. इंग्लंडच्या ईशान्येची नॉर्दर्न लीग, स्थापना 1889, जगातली दुसरी सर्वांत जुनी फुटबॉल लीग. हौशी फुटबॉलचा कप दहा वेळा जिंकणारा बिशप ऑकलंड याच लीगमधला. 1982 मध्ये या लीगला इंग्लंडच्या पिरॅमिडमध्ये येण्याचं आमंत्रण मिळालं. त्यांनी नाही म्हटलं. आपल्या लीगवर त्यांचं प्रेम होतं, ते मला समजतं. पण मोठे क्लब एकेक करून निघून जायला लागले, बिशप ऑकलंड 1988 मध्ये गेला, आणि 1991 मध्ये लीग अखेर पिरॅमिडमध्ये शिरली तेव्हा तिच्या वाट्याला खालची जागा आली. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या बरोबरीने बसता आलं असतं, त्यांच्या खाली बसावं लागलं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेने तसं होऊ दिलं नाही. 2020 च्या वसंतात, करोनाने मैदानं बंद असताना, वेस्ट ऑफ स्कॉटलंड लीग नावाची नवी लीग उतरंडीचा भाग म्हणून जाहीर झाली. पश्चिमेच्या ज्युनियर विभागातल्या सगळ्याच्या सगळ्या 63 क्लबांनी अर्ज केले. बाहेरचे काही धरून 67 क्लबांची लीग झाली. ऑखिनलेक आला, कमनॉकही आला. पोलोक आला, अर्विन मेडो आला, पीटर्सहिल आला. ज्युनियर संघटनेशी नातंही ठेवलं, त्यामुळे कपही सुटला नाही. ऑखिनलेकने चौदावा कप जिंकला तो 2022 मध्ये, म्हणजे उतरंडीत गेल्यानंतर.

मला या सगळ्या प्रकरणात शहाणपणाची गोष्ट दिसते ती हीच. जायचं की नाही, हा प्रश्न एकट्या क्लबचा नव्हताच. एकटा गेला असता तर ऑखिनलेकने शेजारी गमावला असता. सगळे मिळून गेले, म्हणून वैरही शाबूत राहिलं आणि वरची वाटही उघडली. कमनॉकविरुद्धचा सामना आजही होतो. फरक एवढाच, की लीग जिंकणाऱ्याला आता पुढे कुठेतरी जाता येतं.

(दृश्य: डार्व्हेलचं रिक्रिएशन पार्क, थंडीतली रात्र, प्रकाशझोत)

23 जानेवारी 2023, सोमवारची रात्र. डार्व्हेल हे एअरशरमधलं लेस विणणाऱ्यांचं गाव. पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग इथल्याच एका शेतघरात जन्मले. डार्व्हेलने पश्चिमेची नवी लीग आदल्या हंगामात जिंकली होती. आज स्कॉटिश कपमध्ये त्यांच्या मैदानावर पाहुणा आलाय अ‍ॅबर्डीन. हाच तो क्लब, ज्याने 1983 मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्या हाताखाली रेआल माद्रिदला हरवून युरोपातला करंडक आणला होता. अ‍ॅबर्डीन पहिल्या श्रेणीत, डार्व्हेल सहाव्या. पहिल्या अर्धात जॉर्डन कर्कपॅट्रिकच्या पायातून गोल झाला. मग उरलेला सगळा वेळ अ‍ॅबर्डीन धडका मारत राहिला आणि गाव श्वास रोखून उभं राहिलं. 1-0. स्कॉटिश कपच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या धक्क्यांत या निकालाची गणना होते. आठवडा उलटायच्या आत अ‍ॅबर्डीनच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली.

2007 पर्यंत ज्युनियर क्लबांना या कपचं दार जवळजवळ बंदच होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या रात्रीचं मोल कळतं.

पण उतरंडीचे नियम सगळ्यांना सारखेच सोसत नाहीत. बॉनीरिग रोझचं उदाहरण बघा. एडिनबराजवळचं गाव, क्लबची स्थापना 1881, तरुणपणी शॉन कॉनरीही या क्लबकडून खेळले. 2022 मध्ये काउडनबीथला हरवून बॉनीरिग राष्ट्रीय लीगमध्ये गेला. त्यांचं न्यू डंडास पार्क उतारावर आहे. एका गोलकडून दुसऱ्या गोलकडे बघितलं तर उतार नुसत्या डोळ्यांना कळतो. पिढ्यान् पिढ्या तिथेच खेळल्या, आणि उतार दोन्ही संघांना अर्धा-अर्धा वेळ मिळतो. लीगच्या निकषांत तो बसत नव्हता. 2024-25 च्या हंगामात बॉनीरिगचे सहा गुण कापले गेले. हंगाम संपला तेव्हा ते तळाला होते, आणि ईस्ट किलब्राइडशी हरून बाहेर पडले. ईस्ट किलब्राइडची स्थापना 2010 ची.

नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होते, हे खरं. तरी मला हे खटकतं. मैदान सपाट करायला लागणारा पैसा गावच्या क्लबकडे नसतो, आणि जो क्लब मैदानात जिंकून वर आला त्याला जमिनीच्या चढावावरून गुण कापण्याची शिक्षा करणं हा न्याय नव्हे. वर बोलावता, तर उभं राहायला मदत करा, मुदत द्या, पैसे द्या.

(दृश्य: कोल्हापूर, शाहू स्टेडियम, भरलेली गॅलरी)

कोल्हापूरच्या प्रेक्षकाला हे सगळं परकं वाटणार नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. पेठेचा संघ, पेठेचे झेंडे, आणि शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते असे सामने. भारतातही आता उतरंड रचली जातेय. राज्याच्या लीग, त्यांच्यावर 2023-24 पासून सुरू झालेली आय-लीगची तिसरी श्रेणी, मग दुसरी, मग आय-लीग, आणि सर्वांत वर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग. 2023 मध्ये पंजाबचा क्लब आणि 2024 मध्ये कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग खेळून जिंकून आयएसएलमध्ये गेले. उद्या एखाद्या तालमीने ही वाट धरायची ठरवलं, तर परवाना, प्रवास, पगार आणि शेजारच्या पेठेशी होणारा सामना, हेच चार प्रश्न समोर येणार. तेव्हा पश्चिम स्कॉटलंडच्या त्या 63 क्लबांकडे जरूर बघावं. ठरवायचं ते सगळ्या पेठांनी एका खोलीत बसून.

स्कॉटलंडमध्ये अजून एक गाठ सुटायची आहे. वरचं दार फारच अरुंद आहे. हायलँड आणि लोलँड मिळून तीसहून जास्त क्लब, त्यांच्याखाली शेकड्यावर क्लब, आणि राष्ट्रीय लीगमध्ये जाण्याची संधी वर्षाकाठी एकालाच. तीही तळाच्या क्लबला हरवलं तर. वर बसलेल्यांनी हे दार रुंद केल्याशिवाय खालच्यांनी लावलेल्या खांबांचा आणि कर्जांचा हिशेब जुळणार नाही.

क्लायडबँकच्या लोकांना हे सगळ्यांत नीट ठाऊक आहे. क्लाइड नदीवरचं जहाजबांधणीचं गाव. 2002 मध्ये त्यांचा जुना क्लब विकत घेतला गेला, लीगमधली जागा एअरड्रीला हलवली गेली, आणि गावाकडे क्लब उरला नाही. पाठीराख्यांनी पुढच्याच वर्षी त्याच नावाने नवा क्लब काढला, ज्युनियर फुटबॉलमध्ये, तळापासून. 2020 मध्ये तो बाकीच्यांबरोबर उतरंडीत आला. 2025 मध्ये पश्चिमेची लीग जिंकून लोलँड लीगमध्ये पोहोचला. जी लीग त्यांच्या हातून गेली होती, तिच्यात आणि क्लायडबँकमध्ये आता एकच पायरी आहे.