आढीत अडलेल्या पेशी

(देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मे महिना, घरोघरी आढ्या लागलेल्या, मुंबईचे चाकरमानी आलेले, आणि तरी तुम्ही रक्तावरचं बोलणं ऐकायला आलात. तेव्हा आढीपासूनच सुरू करतो.

हाडांच्या पोकळीतला मगज ही आपल्या रक्ताची आढी. फरक इतकाच की तुमच्या आढीत हापूस ठेवला तर हापूसच निघतो. मगजात मात्र एकाच कोयीतून आंबा, फणस, रातांबा सगळं निघतं. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळ्यांचं मूळ एकच. 1961 साली टोरांटोत टिल आणि मॅकुलॉक यांनी उंदरांचा मगज किरणांनी मारला, दुसऱ्या उंदराचा मगज टोचला, आणि दहाएक दिवसांनी पाणथरीवर उठलेल्या गाठी मोजल्या. एकेक गाठ एकेका पेशीची निघाली.

आता कामाचा वेग ऐका. मी ‘एक’ म्हणेपर्यंत तुमच्या मगजाने सुमारे 20 लाख तांबड्या पेशी बनवल्या. बाहेर पडण्याआधी ती पेशी आपलं केंद्रक टाकून देते आणि साधारण 120 दिवस जगते.

कोणी काय व्हायचं हे ठरतं कसं? गाटा-1 आणि पीयू-1 ही दोन प्रथिनं एकमेकांना बांधावर पाय ठेवू देत नाहीत. भाऊबंदकी कोकणात समजावून सांगायला नको! एक जिंकलं की तांबडी, दुसरं जिंकलं की पांढरी, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. 2016 मध्ये एकेका पेशीवर दिवसचे दिवस नजर ठेवणाऱ्यांनी दाखवलं की या भांडणातून निर्णय होत नाही, तो आधीच झालेला असतो. मला ते पटतं. पाठ्यपुस्तकातलं चित्र मात्र अजून तेच आहे.

आता अडलेल्या आढीकडे येतो. रक्ताच्या एका कर्करोगात 15 आणि 17 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून एक जोडप्रथिन तयार होतं आणि पिकण्याचा हुकूम देणारी जनुकं दाबून बसतं. पांढरी पेशी अर्धवट वयातच थांबते आणि तशाच पेशी वाढत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पोटात बारीक काड्या दिसतात, कधी कधी तर अख्खी मोळीच, भाजावळीला बांधल्यासारखी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी पट्टीवरून डोळा काढेना. पण रुग्णाला वेळ नसतो. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, आणि काही दिवसांत मेंदूत रक्तस्राव.

शांघायच्या वांग झेन्यी यांनी या पेशी मारायच्या ऐवजी पिकवायच्या ठरवल्या. औषध होतं अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं एक आम्ल. 1988 साली त्यांनी 24 रुग्णांचा अनुभव छापला. सगळ्यांचा रोग मागे हटला. बिघडलेल्या पेशीच पिकल्या, केंद्रकाला नीट कप्पे पडले, आणि आपल्या वेळेला मेल्या. नुसत्या या औषधावर मात्र रोग बऱ्याचदा उलटतो. म्हणून जोडीला सोमल, म्हणजे आर्सेनिक, आला. होय, विषच. तो ते जोडप्रथिनच मोडून काढतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तर नुसत्या सोमलावरही रुग्ण बरे झाले.

मागच्या बाकावरून एक काकू विचारतायत, ‘मग गाजरं खाऊन होईल का?’ नाही हो काकू. हे आम्ल गाजरात नसतं, आणि सोमलाची मात्रा सहसा शिरेतून, वारंवार हृदयाचा आलेख पाहत द्यावी लागते. बाकीच्या रक्ताच्या कर्करोगांत हाच डाव इतका साधलेला नाही. तिथे आढी कुठे अडली, हेच अजून एकेक पेशी उघडून शोधणं चालू आहे.